पंक बँड चाळीस वर्षे कसा टिकतो? 'बॅड रिलिजन'विषयी विचारणा

रामबागवासी, इंदूर

नमस्कार. इंदुरात आमचा दहा-बारा जणांचा एक श्रवणगट आहे. महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी जमायचे, एकाने विषय मांडायचा आणि बाकीच्यांनी ऐकायचे, एवढेच त्याचे साधे स्वरूप आहे. गटातले बहुतेक जण अमीर खाँसाहेब आणि कुमारजी यांच्या गाण्यावर वाढलेले असल्यामुळे पाश्चात्त्य संगीत आमच्याकडे क्वचितच येते, आणि आले तरी बीथोव्हेन किंवा फार तर बीटल्स यांच्यापुढे जात नाही. मागे एकदा मात्र गटातल्या एका तरुण सभासदाने लंडनच्या 'सेक्स पिस्टल्स' या बँडवर बोलून सगळ्यांना चकित केले. नोव्हेंबर १९७५ मध्ये पहिला कार्यक्रम, ऑक्टोबर १९७७ मध्ये एकुलता एक अल्बम आणि जानेवारी १९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कार्यक्रमानंतर सगळा खेळ खलास, अशी ती हकिकत होती. पंक हा संगीतप्रकार तरुणपणाच्या संतापावर उभा असतो आणि संताप ओसरला की तोही ओसरतो, असे आमचे त्या दिवशी एकमताने ठरले होते.

पुढच्या बैठकीत विषय मांडण्याची पाळी माझी आहे. माझ्या भाच्याने मला 'बॅड रिलिजन' हा लॉस एंजेलिसचा बँड सुचवला आणि त्याची माहिती वाचू लागल्यावर आमचा तो निष्कर्ष पार कोसळला. १९८० मध्ये शाळकरी मुलांनी काढलेला हा बँड अजून कार्यक्रम करतो. त्याचे सतरा स्टुडिओ अल्बम आहेत, आणि त्याचा गायक जीवशास्त्रातला पीएच.डी. आहे. त्यामुळे माझ्यापुढे काही प्रश्न उभे राहिले आहेत. ज्या संगीताचा स्वभावच भडकून विझण्याचा आहे असे आपण मानतो, त्या संगीतात एखादा बँड चार दशके कशाच्या बळावर उभा राहतो? 'हे लोक तीच रेकॉर्ड पुन्हा पुन्हा काढतात' हा आक्षेप मला अनेक ठिकाणी आढळला, त्यात तथ्य किती? आणि ख्याल ऐकणाऱ्या मंडळींना अर्ध्या तासात ऐकवायचे झाल्यास नेमके काय निवडावे? जाणकारांनी सविस्तर लिहिल्यास उपकार होतील. केवळ अल्बमांच्या याद्या नकोत, त्या मला कुठेही मिळतील.

दक्षिण तुकोगंज

रामबागवासी, प्रश्न चांगला आहे, आणि त्याचे उत्तर संगीतापेक्षा व्यवहारात जास्त आहे असे माझे मत आहे. ते अनेकांना रुचणार नाही, याची मला कल्पना आहे.

आधी सुरुवात पाहू. ग्रेग ग्रॅफिन हा मुलगा विस्कॉन्सिनमधून आईबरोबर लॉस एंजेलिसच्या सॅन फर्नांडो खोऱ्यात राहायला आला. तिथल्या उपनगरी शाळेत त्याची गाठ ब्रेट गुरेविट्झ आणि जे बेंटली यांच्याशी पडली. ड्रमवर जे झिस्क्राउट होता. गायक ग्रॅफिन, गिटारवर गुरेविट्झ आणि बेसवर बेंटली, ही तिघांची जोडणी अधूनमधून तुटली तरी आजही तीच आहे. त्या वेळी 'ब्लॅक फ्लॅग' आणि 'सर्कल जर्क्स' यांच्यासारखे बँड त्या शहरात गाजत होते, पण कोणतीही मोठी रेकॉर्ड कंपनी त्यांना दारात उभे करत नव्हती. म्हणून गुरेविट्झने वडिलांकडून पैसे उसने घेतले आणि 'एपिटाफ' या नावाची स्वतःची कंपनी काढून १९८१ मध्ये सहा गाण्यांची छोटी तबकडी प्रसिद्ध केली. कंपनी म्हणजे तरी काय, कागदावर एक नाव आणि तबकड्यांची काही खोकी! १९८२ च्या पहिल्या पूर्ण अल्बमच्या रेकॉर्डिंगच्या मध्येच झिस्क्राउट निघून गेला आणि उरलेली गाणी पीट फाइनस्टोनने वाजवली. तरीही त्या अल्बमच्या सुमारे दहा हजार प्रती खपल्या, आणि वितरणाचे जाळे नसलेल्या पोरसवदा बँडसाठी ती फार मोठी गोष्ट होती.

त्यानंतर जे घडले ते आपल्या बैठकीत अवश्य सांगा. १९८३ मध्ये या मंडळींनी 'इन्टू दि अननोन' हा अल्बम काढला. त्यात कीबोर्डचा भरपूर वापर होता, लय संथ होती, आणि एकूण वळण सत्तरच्या दशकातल्या लांबलचक रचनांकडे झुकणारे होते. बेंटलीला ते इतके नापसंत पडले की रेकॉर्डिंग चालू असतानाच त्याने बँड सोडला. अल्बम साफ कोसळला. दहा हजार प्रती पाठवल्या आणि अकरा हजार परत आल्या, असा विनोद गुरेविट्झ त्याविषयी करत असे. बँड जवळजवळ मोडला, गुरेविट्झ व्यसनात अडकला आणि ग्रॅफिन कॉलेजच्या अभ्यासाला लागला. १९८५ मधल्या एका छोट्या तबकडीचे 'बॅक टू द नोन' हे नावच काय ते सांगून जाते.

इथे बहुतेक बँडांची कथा संपते. यांची संपली नाही, कारण मधल्या काळात कोणाचेही पोट बँडवर अवलंबून नव्हते. ग्रॅफिनकडे विद्यापीठ होते. गुरेविट्झने व्यसनातून बाहेर पडून ध्वनिमुद्रणाचे काम शिकून घेतले आणि हॉलिवूडमध्ये 'वेस्टबीच रेकॉर्डर्स' हा स्वतःचा स्टुडिओ चालवायला घेतला, जिथे इतर बँडांची कामेही होत असत. १९८८ पर्यंत जुनी मंडळी पुन्हा जमली होती, सोबत सर्कल जर्क्सचा गिटारवादक ग्रेग हेट्सन होता, आणि याच स्टुडिओत अवघ्या काही दिवसांत 'सफर' हा, सोसणे या अर्थाच्या नावाचा, अल्बम तयार झाला. स्टुडिओ घरचा, कंपनी घरची, त्यामुळे फसला असता तरी कोणाचे कर्ज डोक्यावर बसणार नव्हते. तो फसला नाही. पंधरा गाणी आणि सव्वीस मिनिटे एवढ्या त्या अल्बमने अमेरिकेतल्या पुढच्या दशकभराच्या पंकची दिशा ठरवली, असे त्या पिढीतले कितीतरी वादक मान्य करतात. पाठोपाठ १९८९ मध्ये 'नो कंट्रोल' आणि १९९० मध्ये 'अगेन्स्ट द ग्रेन' आले, आणि एपिटाफ ही खरोखरीची कंपनी झाली.

पुढचा विरोधाभास तर कादंबरीत शोभावा असा आहे. १९९३ मध्ये बँडने अटलांटिक या बड्या कंपनीशी करार केला, म्हणजे आपल्याच गिटारवादकाची कंपनी सोडली. नेमक्या पुढच्याच वर्षी एपिटाफने प्रसिद्ध केलेला 'दि ऑफस्प्रिंग' या बँडचा 'स्मॅश' हा अल्बम जगभर एक कोटीहून अधिक प्रतींनी खपला. गुरेविट्झला आता बँडही सांभाळायचा होता आणि फोन थांबत नसलेली कंपनीही. १९९४ मध्ये त्याने बँड सोडला. कारण कंपनीच्या कामाचे दिले गेले, पण संबंधही ताणलेले होते आणि पुढे त्याचे व्यसनही पुन्हा उफाळले. त्याच्या जागी 'मायनर थ्रेट'चा जुना वादक ब्रायन बेकर आला आणि बँड चालू राहिला. २००१ मध्ये गुरेविट्झ परतला, बँडही अटलांटिककडून एपिटाफकडे परतला, आणि २००२ मध्ये 'द प्रोसेस ऑफ बिलीफ' आला. रुसून गेलेला भागीदार सात वर्षांनी परत येतो आणि दुकान अजून आपल्याच मालकीचे असते, असे भाग्य किती जणांना लाभते?

तेव्हा माझे म्हणणे असे की, हा बँड टिकला तो मालकीमुळे आणि दुसऱ्या उपजीविकेमुळे. संताप शाबूत राहण्यासाठी महिन्याचा किराणा भरलेला असावा लागतो.

उलटा ठेका

तुकोगंजकरांनी इतिहास उत्तम मांडला आहे, पण निष्कर्ष मला अपुरा वाटतो. स्वतःची कंपनी असलेले आणि नोकरी सांभाळून वाजवणारे बँड जगात शेकड्यांनी झाले आणि विस्मृतीत गेले. मी स्वतः इथल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या बँडमध्ये ड्रम वाजवत असे. आमच्याकडेही दुसऱ्या उपजीविकेची सोय होतीच. किंबहुना तिनेच आम्हाला संपवले. प्लेसमेंटमध्ये गिटारवाला पुण्याला गेला, बेसवाला बेंगळुरूला गेला, आणि लोकमान्य नगरातल्या गच्चीवरच्या खोलीत माझा ड्रमसेट धूळ खात राहिला. भांडणसुद्धा झाले नाही. इंदुरातले निम्मे बँड याच पद्धतीने संपतात. त्यामुळे नोकरी असली की बँड टिकतो, हे गणित मला पटत नाही. परत यावेसे वाटेल असे काहीतरी संगीतात असावे लागते.

ते काय आहे, ते सांगण्याचा प्रयत्न करतो. 'सफर' हा अल्बम हेडफोन लावून ऐका आणि ड्रमकडे लक्ष देऊ नका, मी ड्रमर असूनही हे सांगतो आहे. ठेका अतिद्रुत आहे, त्यावर ग्रॅफिनचे शब्द धावत असतात, आणि शब्दही असे की एरवी ते केवळ पाठ्यपुस्तकात भेटावेत. पण धृपदाची ओळ आली की मागे आणखी दोन आवाज उभे राहतात आणि लांब, स्थिर 'आऽऽ' धरतात. खाली लय धावते आहे आणि वर स्वर शांतपणे पसरला आहे, असा तो दुपदरी प्रकार आहे. ग्रॅफिन विस्कॉन्सिनच्या शाळेत समूहगान गात असे आणि टॉड रुंडग्रेन या चोख स्वररचनाकाराचा लहानपणापासूनचा चाहता होता, हे समजल्यावर त्या आवाजांचे मूळ लक्षात येते. त्याच रुंडग्रेनकडून या बँडने २००० साली आपला एक अल्बमही करून घेतला. ओरडण्याच्या जागी यांनी चाल ठेवली. ओरडणारा गळा पस्तिशीत बसतो, पण चाल साठीतही गाता येते. आपल्याकडच्या गायकांना हे वेगळे सांगायला नको.

दुसरा मुद्दा दोन लेखकांचा. या बँडची गाणी ग्रॅफिन आणि गुरेविट्झ असे दोघे स्वतंत्रपणे लिहितात, आणि एकाचे गाणे ऐकून दुसऱ्याला चेव चढतो. पुरावा हवा असेल तर गुरेविट्झ नसतानाचे अल्बम ऐकावेत. 'द ग्रे रेस' (१९९६) बेकरच्या साथीने बरा जमला आहे, पण 'नो सब्स्टन्स' (१९९८) हा माझ्या मते त्यांचा सर्वांत निस्तेज अल्बम आहे. मालकी, पैसा, बडी कंपनी, सगळे जागेवर असूनही तो निस्तेज आहे. गुरेविट्झ परतल्यावर पहिल्याच अल्बममध्ये 'सॉरो'सारखे गाणे येते. बायबलमधल्या जोबच्या कथेवर बेतलेले हे गाणे संथ, झुलत्या ठेक्यावर सुरू होऊन मग वेग घेते.

'तीच रेकॉर्ड पुन्हा पुन्हा' हा आक्षेप मी अर्धा मान्य करतो. १९८८ ते १९९० मधले तीन अल्बम एकापाठोपाठ लावले तर नवख्याला सांधे सापडत नाहीत. परंतु हात एकदा पोळला होता, हे विसरू नये. १९८३ मध्ये त्यांनी घराबाहेर पाऊल टाकले आणि ते तोंडघशी पडले. त्यानंतर त्यांनी ठरवून चौकट लहान ठेवली आणि तिच्या आत बारकावे वाढवले. ज्या घराण्यात पाच-सात रागच मोठ्या निगुतीने गायले जातात, त्याला आपण पुनरावृत्तीचा दोष देत नाही.

ड्रमर मात्र या बँडने बरेच बदलले. बॉबी शेयरला खांद्याच्या दुखापतीमुळे थांबावे लागले, आणि ब्रुक्स वॅकरमन २००१ पासून चौदा वर्षे वाजवून 'अव्हेंज्ड सेव्हनफोल्ड'कडे गेला. इतक्या वेगात दीड तास वाजवणे म्हणजे काय असते, ते ज्याचे मनगट दुखले आहे त्यालाच कळेल.

गिरणीचा भोंगा

दोघांचेही वाचले. तुलनेसाठी 'रामोन्स'चे उदाहरण घेतल्यास प्रश्न अधिक स्पष्ट होईल असे वाटते, कारण तोही दीर्घायुषी बँड आहे आणि त्याच्या दीर्घायुष्याचे कारण अगदी उलटे आहे.

न्यू यॉर्कच्या क्वीन्स भागातल्या चार मुलांनी १९७४ मध्ये हा बँड काढला. चौघांनीही 'रामोन' हे एकच आडनाव लावले होते, पण ते एकमेकांचे कोणीही नव्हते. १९७६ चा त्यांचा पहिला अल्बम सुमारे ६,४०० डॉलरमध्ये तयार झाला. त्यात एकोणतीस मिनिटांत चौदा गाणी आहेत. त्याच वर्षी ४ जुलैला त्यांनी लंडनच्या राउंडहाउसमध्ये कार्यक्रम केला आणि तिथल्या तरुण पिढीवर त्याचा खोल परिणाम झाला. इतके होऊनही रेकॉर्डी खपल्या नाहीत. त्या पहिल्या अल्बमला अमेरिकेत पाच लाख प्रतींचे गोल्ड प्रमाणपत्र मिळाले ते २०१४ मध्ये, म्हणजे अडतीस वर्षांनी.

रेकॉर्डींतून पैसा येत नसल्यामुळे त्यांना सतत रस्त्यावर राहावे लागले. १९९६ मध्ये थांबेपर्यंत त्यांनी दोन हजार दोनशेहून अधिक कार्यक्रम केले. गिटारवादक जॉनी हा सैनिकी शाळेच्या शिस्तीतून आलेला माणूस होता. गाडी किती वाजता सुटणार, कोणी काय घालायचे, पैसा कुठे जायचा, हे सगळे तो पाहत असे. गिटारवर त्याचा उजवा हात संपूर्ण कार्यक्रमभर केवळ खालच्या दिशेने घाव घालत असे, वर येताना तारेला स्पर्शही करत नसे. तासभर असे वाजवून पाहावे म्हणजे त्यातली मेहनत ध्यानात येईल. गायक जोईची मैत्रीण जॉनीकडे गेली आणि पुढे तिने जॉनीशी लग्न केले. त्यानंतर वर्षानुवर्षे ते दोघे एकमेकांशी बोलत नव्हते, मात्र एकाच व्हॅनमधून प्रवास करत होते आणि रोज रात्री एकाच मंचावर उभे राहत होते. घरात अबोला असला तरी दुकान उघडावेच लागते, त्यातलाच हा प्रकार. शेवटी २००१ ते २०१४ या काळात चारही संस्थापक निवर्तले, आणि आज त्यांचे बोधचिन्ह असलेले टी-शर्ट ज्यांनी त्यांचे एकही गाणे ऐकलेले नाही अशा मुलांच्या अंगावर सराफ्यातसुद्धा दिसतात.

म्हणून तुकोगंजकरांच्या सिद्धान्तात मी एक भर घालू इच्छितो. पोट बँडवर अवलंबून असले तरीही बँड बावीस वर्षे टिकू शकतो. फक्त तो आनंदाने टिकत नाही, आणि पुढे सरकतही नाही. बॅड रिलिजनची माणसे भांडली तेव्हा त्यांना वेगळे होणे परवडले, आणि म्हणून परत येणेही शक्य झाले. रामोन्सना वेगळे होणे परवडतच नव्हते.

रामबागवासी, इंदूर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. रामोन्सची तुलना फार उपयोगी पडेल. एक व्यावहारिक अडचण मात्र विचारून घेतो. या बँडचे बोधचिन्ह म्हणजे क्रूसावर काढलेले लाल निषेधचिन्ह, वर्तुळ आणि त्यातली तिरकी रेघ, आहे. आमच्या गटात एक कॅथलिक दाम्पत्य आहे, अतिशय सुसंस्कृत आणि आमच्या जिव्हाळ्याचे. त्यांच्यासमोर पडद्यावर हे चिन्ह दाखवावे की नाही, या विचारात मी आहे. टाळले तर बँडचा आशयच टाळल्यासारखे होते, आणि दाखवले तर त्यांना दुखावल्यासारखे होते. शिवाय ग्रॅफिनच्या विद्वत्तेविषयी जे सांगितले जाते त्यात खरे किती आणि सजावट किती, हेही कोणी सांगावे.

निवृत्त जीवशास्त्र

मी तीस-एक वर्षे विद्यार्थ्यांना जीवशास्त्र शिकवले आहे आणि या बँडशी माझी ओळख मुलाच्या खोलीतून येणाऱ्या आवाजामुळे, म्हणजे बळजबरीने झाली. त्यामुळे संगीतावर मी बोलणार नाही. ग्रॅफिनच्या अभ्यासाविषयी मात्र सांगू शकते.

विद्वत्ता खरी आहे. त्याने लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मानववंशशास्त्र आणि भूविज्ञान हे विषय घेतले, तिथेच भूविज्ञानात पदव्युत्तर पदवी मिळवली आणि पुढे कॉर्नेल विद्यापीठात पीएच.डी. साठी प्रवेश घेतला. दौऱ्यांमुळे ते काम लांबत गेले आणि पदवी २००३ मध्ये हाती आली. मार्गदर्शक विल्यम प्रोव्हाइन हे विज्ञानाचे इतिहासकार होते. प्रबंधासाठी त्याने जगातल्या नामवंत उत्क्रांतिशास्त्रज्ञांकडे प्रश्नावली पाठवून ईश्वर, धर्म आणि मानवी इच्छास्वातंत्र्य यांविषयी त्यांची मते गोळा केली. १४९ जणांनी उत्तरे दिली. त्यांतल्या बहुसंख्यांचा ईश्वरावर विश्वास नव्हता, हे कोणालाही अपेक्षित असेल. परंतु धर्म आणि विज्ञान यांच्यात संघर्ष आहे असे मानणारे त्यांत फारच थोडे निघाले, आणि बहुतेकांनी धर्माकडे उत्क्रांतीतून घडलेली एक सामाजिक गोष्ट म्हणून पाहिले. क्रूसावर काट मारणाऱ्या चिन्हाखाली गाणाऱ्या माणसाने हे निष्कर्ष प्रामाणिकपणे प्रसिद्ध केले, याचे मला विशेष वाटते. पुढे त्याने कॉर्नेलमध्ये आणि कॅलिफोर्नियात अध्यापनही केले. चीनमध्ये सापडलेल्या क्रिटेशियस काळातल्या एका जीवाश्म पक्ष्याला २०११ मध्ये 'किलियानिया ग्रॅफिनी' असे नाव देण्यात आले, तेही याच्यावरूनच.

चिन्हाचे म्हणाल तर ते गुरेविट्झने किशोरवयात रेखाटले आणि त्यामागे त्या वयाची खोडी होती, हे उघड आहे. पुढे मात्र बँडच्या गाण्यांचा रोख एका पंथावर राहिलेला नाही. विचार करू न देणारी कोणतीही गोष्ट, मग ती चर्च असो, दूरचित्रवाणी असो किंवा राष्ट्राभिमानाचा देखावा असो, त्यांच्या टीकेचा विषय होते. ग्रॅफिन स्वतःला नास्तिक म्हणवण्यापेक्षा निसर्गवादी, म्हणजे निसर्गापलीकडे काही न मानणारा, म्हणवणे पसंत करतो. आणखी एक गोष्ट आपल्या त्या मित्रदाम्पत्याला अवश्य सांगा. २०१३ मध्ये याच बँडने नाताळच्या पारंपरिक गीतांचा एक छोटा अल्बम काढला. ती गीते टिंगल म्हणून गायलेली नाहीत, तर शाळेच्या समूहगानात शिकलेल्या चाली मनापासून गायल्या आहेत, आपल्या नेहमीच्या वेगात. मात्र त्या अल्बमच्या उत्पन्नाचा पाचवा हिस्सा त्यांनी धर्मगुरूंच्या अत्याचारांना बळी पडलेल्यांच्या संघटनेला दिला. चाली आपल्याशा म्हणायच्या आणि संस्थेला जाब विचारायचा, या दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच वेळी केल्या. आपल्या संतपरंपरेतल्या माणसांना हे अपरिचित वाटू नये.

माझा सल्ला असा की, चिन्ह दाखवण्यापूर्वी त्या दोघांना घरी जाऊन विचारावे. जिव्हाळ्याची माणसे आहेत, तर विचारण्यात कमीपणा नाही.

उलटा ठेका

ताई, तुमच्या मुलाला माझा नमस्कार सांगा.

रामबागवासी, ऐकवण्याच्या क्रमाविषयी एवढेच सांगतो. कालक्रमाने जाऊ नका. १९८२ च्या अल्बममधला आवाज कच्चा आहे आणि ख्याल ऐकणारे कान तिथेच मिटतील. सुरुवात 'सॉरो'ने करा, कारण त्यातला संथ प्रवेश ऐकणाऱ्याला बसायला जागा देतो. मग २००४ मधले 'लॉस एंजेलिस इज बर्निंग' घ्या. वणवे आणि त्यांवर तुटून पडणारी माध्यमे हा विषय कोणालाही लगेच समजेल. तिसऱ्या क्रमांकावर 'ट्वेन्टी-फर्स्ट सेंचुरी डिजिटल बॉय' दोनदा ऐकवा, एकदा १९९० मधले आणि लगेच १९९४ मध्ये अटलांटिकसाठी पुन्हा ध्वनिमुद्रित केलेले. तेच गाणे, ड्रमर सोडल्यास तीच माणसे, पण घरच्या स्टुडिओतले काम आणि बड्या कंपनीसाठीचे काम यांतला फरक तुकोगंजकरांच्या दहा परिच्छेदांपेक्षा लवकर कळेल. त्यानंतर 'सफर'मधली पहिली तीन-चार गाणी सलग, मध्ये न बोलता. ती प्रत्येकी दोन मिनिटांच्या आत-बाहेरची आहेत, त्यामुळे कंटाळण्याआधीच संपतात. 'इन्टू दि अननोन'मधला एखादा मिनिट ऐकवायचा असेल तर शेवटी ऐकवा आणि हा कोणता बँड आहे ते ओळखायला सांगा.

शब्द छापून आधीच हाती द्या, देवनागरीत सारांश असला तरी चालेल. ग्रॅफिनचे शब्द पहिल्या खेपेला इंग्रजांनाही कळत नाहीत.

दक्षिण तुकोगंज

दहा परिच्छेद नव्हते, मोजून पाहावेत. बाकी क्रम मान्य आहे. फक्त त्यात 'ट्रू नॉर्थ' (२०१३) मधले एक गाणे घालावे, कारण अमेरिकेच्या मुख्य अल्बम-यादीत पहिल्या विसांत हा बँड प्रथमच आला तो त्या अल्बममुळे, म्हणजे स्थापनेनंतर तेहेतीस वर्षांनी, आणि तोही एपिटाफकडूनच प्रसिद्ध झाला होता. उलटा ठेका यांना तो केवळ चालींचा विजय वाटेल. मला त्यात पाकिटावर छापलेले कंपनीचे नावही दिसते. बैठकीत दोन्ही बाजू मांडाव्यात आणि मंडळी काय म्हणतात ते इथे कळवावे.